पहिल्या ट्रॅक डेसाठी केमनला टायर कोणते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात पोर्शे 718 केमन आहे, 19 इंची रिम आहेत, गाडीबरोबर आलेले पिरेली पी झिरो निम्मे झिजले आहेत. आजवर ताम्हिणी, वरंध, महाबळेश्वर असे घाट केलेत. आता चेन्नईचा पहिला ट्रॅक डे, म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवर आपली गाडी चालवायचा दिवस, ठरला आहे आणि थंडीत ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर जायचा विचार आहे. मित्रमंडळी सांगतात की सेमी-स्लिक, म्हणजे मऊ रबराचे आणि नावापुरत्या नक्षीचे टायर, घातल्याशिवाय ट्रॅकवर उतरण्यात अर्थ नाही. मग मिशेलिन कप 2 हे सेमी-स्लिक मागवायचे, की आहेत त्यावरच जायचं?

आहेत त्यावरच जा. अट एवढीच, की चारही टायर तब्येतीने धड असले पाहिजेत. ते कसं तपासायचं ते पुढे सांगतो. तपासणीत ते बाद झाले आणि नवे घ्यावे लागले, तर रस्त्यावरचे उत्तम समर टायर घ्या. कप 2 या वर्षी नको. हौशी चालकांना ट्रॅकवर शिकवताना आणि त्यांच्या गाड्या तयार करताना मला हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, आणि माझं उत्तर बहुतेकांना आवडत नाही. म्हणून त्यामागची कारणं नीट मांडतो.

वळणात टायरचं तोंड एका दिशेला असतं आणि टायर प्रत्यक्ष जातो त्याहून किंचित वेगळ्या दिशेला. या दोन दिशांमधल्या कोनाला स्लिप अँगल म्हणतात. कोन वाढतो तशी पकड वाढत जाते, एका टप्प्यावर ती सर्वाधिक होते आणि त्यापुढे उतरायला लागते. रस्त्याच्या टायरमध्ये हा सर्वोच्च टप्पा पसरट असतो. त्याच्या थोडं अलीकडे किंवा पलीकडे गेलात तरी फार काही बिघडत नाही. टायर आधी कुरकुरतो, मग किंचाळतो, स्टिअरिंग हलकं पडतं, गाडी थोडी रुंद जाते, आणि या सगळ्यात तुम्हाला सावरायला वेळ मिळतो. सेमी-स्लिकची पकड बरीच जास्त, पण टप्पा अरुंद. तो फारसा आवाज न करता खूप वेळ धरून ठेवतो आणि सुटतो तेव्हा झटक्यात सुटतो. शिवाय तोवर तुमचा वेगही जास्त झालेला असतो.

नवशिक्याच्या हातात सेमी-स्लिक दिला की आणखी एक गोष्ट होते. वळणात उशिरा आणि दचकून स्टिअरिंग फिरवणं, ब्रेकवरून पाय एकदम काढणं, वळणाच्या मध्यात ॲक्सिलरेटर सोडून देणं, या सगळ्या चुका जादा पकडीखाली झाकल्या जातात. लॅपची, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीची, वेळ चार-पाच सेकंदांनी सुधारते, चालकाला वाटतं आपण शिकलो. प्रत्यक्षात चुका तशाच राहतात आणि जास्त वेगाने होऊ लागतात. केमनसारख्या मध्ये इंजिन असलेल्या गाडीत हे जास्त महत्त्वाचं आहे. ही गाडी फार समतोल आहे, पण वजन मध्यात गोळा झालेलं असल्यामुळे मागून सुटली की फिरतेही पटकन. वळणात घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की वजन पुढे जातं आणि मागचे टायर हलके होतात. हा धडा रस्त्याच्या टायरवर, कमी वेगात शिकलेला केव्हाही बरा.

आता टायरच्या प्रकारांबद्दल, कारण दुकानात आणि मित्रांत नावांचा फार गोंधळ असतो. पहिला गट रस्त्याच्या उत्तम समर टायरचा: पिरेली पी झिरो, मिशेलिन पायलट स्पोर्ट 4 एस, त्याच तोडीचे कॉन्टिनेंटल आणि गुडइयर. दुसरा गट रस्त्यावर चालणारे पण ट्रॅककडे झुकलेले: ब्रिजस्टोन पोटेन्झा आरई-71आरएस, योकोहामा ॲडव्हान ए052 किंवा निओव्हा, हँकूक आरएस4. तिसरा गट सेमी-स्लिक: मिशेलिन कप 2, टोयो आर888आर, नानकांग एआर-1. कायद्याने हे रस्त्यावर चालतात, पण नक्षी नावापुरती आणि रबर मऊ. चौथे अस्सल स्लिक, नक्षीच नसलेले. ते केवळ ट्रॅकचे, तुमच्या प्रश्नात त्यांचं काम नाही.

टायरच्या बाजूवर छापलेला ट्रेडवेअरचा आकडा पाहून लोक तुलना करतात. पायलट स्पोर्ट 4 एसवर 300, कप 2 वर 180, आर888आरवर 100, एआर-1 वर 80. आकडा जितका कमी तितकं रबर मऊ आणि झीज जलद, असा ढोबळ अर्थ बरोबर आहे. पण हा आकडा कंपनी स्वतःच ठरवते. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये ठरलेल्या रस्त्यावर एका संदर्भ-टायरसोबत टायर पळवून झीज मोजायची, अशी ती पद्धत. पकडीशी तिचा थेट संबंध नाही. त्यातच अमेरिकेतल्या हौशी स्पर्धांनी रस्त्याच्या टायरसाठी किमान 200 अशी अट घातल्यावर कंपन्यांनी बरोबर 200 छापलेले अतिशय चिकट टायर काढले. म्हणून ए052 वरचे 200 आणि आरएस4 वरचे 200 यांत मोठा फरक आहे. पहिला एका लॅपला फार वेगवान आणि लवकर संपणारा, दुसरा जरा संथ पण उन्हात तासन् तास टिकणारा. शेजारी छापलेली ट्रॅक्शनची श्रेणीही अशीच फसवी आहे. ती ओल्या पृष्ठभागावर सरळ रेषेत ब्रेक मारून ठरवतात. वळणातली पकड तिच्यात मोजलेलीच नसते.

आपल्याकडची खरी अडचण मात्र वेगळी आहे. परदेशातल्या व्हिडिओत पाहिलेला टायर इथे मिळेलच असं नाही. भारतात विकायच्या टायरला आयएसआय चिन्ह लागतं, आणि जून 2020 मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरांची आयात मुक्त यादीतून काढून निर्बंधित यादीत टाकली. त्यामुळे कमी खपाची मापं, म्हणजे नेमकी आपल्या कामाची, कधी मिळतात तर कधी महिनोन् महिने मिळत नाहीत. तुमच्या गाडीला पुढे 235/40 आणि मागे 265/40, दोन्ही 19 इंची. पुढची जोडी मिळाली आणि मागची 'येणार आहे' असं दुकानदार म्हणाला, तर पैसे देऊ नका. चारही टायर समोर ठेवून, एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे घ्या.

टायर समोर आले की आधी तारीख पाहा. बाजूवर डॉट (DOT) या अक्षरांनंतरच्या मजकुराच्या शेवटी चार आकडे असतात. 3223 म्हणजे 2023 सालचा 32 वा आठवडा. ही मापं दुकानात पडून राहतात, आणि आपल्या हवेत गोदामात तीन-चार वर्षं काढलेलं रबर नक्षी नवी असली तरी कडक झालेलं असतं. मी दोन वर्षांपेक्षा जुना टायर नवा म्हणून विकत घेत नाही. तुमच्या आत्ताच्या टायरांचीही तारीख पाहा: पाच वर्षं ओलांडली असतील तर ट्रॅकवर नेऊ नका, मग नक्षी कितीही शिल्लक असो.

टायरवर एन0, एन1 अशी खूण दिसेल. तो टायर पोर्शेने त्या गाडीसाठी तपासून मान्य केल्याची ती निशाणी आहे. त्याच नावाचा, पण एनची खूण नसलेला टायर बांधणीत आणि रबरात वेगळा असू शकतो. दोन्ही चांगलेच असतात. मात्र पुढे एनवाला आणि मागे बिनएनचा अशी मिसळ करायची नाही. वॉरंटीचं काही काम शिल्लक असेल तर एनवालेच घ्या, सर्व्हिस सेंटरशी वाद घालत बसावं लागत नाही.

मिसळीचा मुद्दा थोडा आणखी ताणतो, कारण यात गाड्या भिंतीला लागलेल्या पाहिल्या आहेत. पुढचे टायर झिजले म्हणून केवळ पुढे नवे, चिकट टायर घातले की गाडीचं नाक वळणात छान शिरतं आणि चालक खूश होतो. पण पोर्शेने ही गाडी मुद्दाम पुढून आधी सरकेल अशी बसवलेली असते. कारण ते सावरायला सोपं असतं. पुढची पकड एकट्याने वाढवली की तो राखून ठेवलेला सुरक्षेचा भाग तुम्ही काढून टाकता, आणि आता आधी सुटते ती मागची बाजू. एकच जोडी नवी घालायची वेळ आलीच, तर नवी जोडी मागे.

निम्मी झिजलेली नक्षी ही ट्रॅकवर उणीव नसते. नव्या टायरची खोल नक्षी म्हणजे उंच उंच ठोकळे. लांब खोडरबर उभा धरून कागदावर दाबून घासला तर वाकतो, तोच झिजून आखूड झाला की ताठ राहतो. नव्या टायरचे ठोकळे वळणात असेच वाकतात, वाकल्याने तापतात, आणि जास्त तापले की कडेचे तुकडे निघायला लागतात. अगदी नवे टायर पहिल्याच ट्रॅक डेला घालून त्यांची कड कुरतडून आणलेले पुष्कळ जण भेटतात. तुमचे चार मिलिमीटरच्या आसपास उरलेले पी झिरो कोरड्या ट्रॅकवर नव्यापेक्षा नेमके आणि ताठ वाटतील. झिजेची खूण 1.6 मिलिमीटरला असते. तीन मिलिमीटरच्या खाली असतील तर ट्रॅकवर नेऊ नका, कारण एका दिवसात कडा त्या खुणेपर्यंत जातील आणि घरी परतायचं तुम्हाला त्याच टायरवर आहे.

आणि पाऊस. पुणेकराच्या डोक्यात पावसाळा म्हणजे जून ते सप्टेंबर. चेन्नईत मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, ऑक्टोबर ते डिसेंबर. आपल्याकडे आकाश निरभ्र असताना तिथे ट्रॅकवर पाणी साचलेलं असू शकतं. सेमी-स्लिकच्या विरुद्ध माझा हा दुसरा मोठा आक्षेप आहे. गाडी चालवत जाणार असाल तर पुण्याहून चेन्नई सुमारे 1,200 किलोमीटर आहे. त्या अंतरात कुठेतरी मुसळधार पाऊस लागला आणि टायरच्या नक्षीला पाणी बाहेर फेकता आलं नाही, तर टायर पाण्यावर तरंगतो आणि स्टिअरिंग, ब्रेक काहीच उरत नाही. कप 2 घालायचे तर ते वेगळ्या रिमवर आणि गाडी फ्लॅटबेडवर, किंवा रिम ट्रकने वेगळे, असाच हिशेब धरावा लागतो. तो खर्च टायरच्या किमतीत कोणी धरत नाही.

ट्रॅकही एकसारखे नाहीत. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टैचा ट्रॅक, आताचं मद्रास इंटरनॅशनल सर्किट, सुमारे 3.7 किलोमीटरचा, 1990 पासूनचा. लांब, वेगवान वळणं, आणि पहिलंच उजवं वळण असं की तिथे हिंमत आणि टायर दोन्हींची परीक्षा होते. दिवसा डांबर हाताला चटका बसेल इतकं तापतं. म्हणजे टायर गरम करायची काळजी तिथे नसते, थंड ठेवायची असते. बुद्ध सर्किट 5.1 किलोमीटरचं, 16 वळणांचं, 2011 ते 2013 फॉर्म्युला वनसाठी वापरलेलं. तिथे दोन गोष्टी टायर खातात. एक म्हणजे तिसऱ्या वळणानंतरचा किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आणि त्याच्या टोकाचं कडक ब्रेकिंग. दुसरी म्हणजे दहाव्या-अकराव्या वळणाचा लांबच लांब उजवा वळसा. त्यात डावा पुढचा टायर कितीतरी वेळ सतत दाबाखाली राहतो. तिथून परतल्यावर चारही टायर शेजारी ठेवून पाहिलेत तर डाव्या पुढच्याची बाहेरची कड सगळ्यांत जास्त गेलेली दिसेल. पुढचे-मागचे टायर वेगवेगळ्या मापाचे असल्याने त्यांची अदलाबदल तुम्हाला करता येत नाही. डावा-उजवा बदल करता येतो, पण टायर एकाच दिशेने फिरणारा, म्हणजे बाजूवर बाण असलेला नसावा. पी झिरोला तशी दिशा नसते, त्यामुळे दिवसाच्या मध्यावर पुढचे दोन आपसांत बदलले तर झीज वाटली जाते.

बुद्ध सर्किटच्या थंडीबद्दल वेगळं सांगायला हवं. डिसेंबर-जानेवारीत सकाळी तिथे पारा दहाच्या खाली असतो आणि डांबर त्याहून थंड. समर टायर अशा थंडीत प्लॅस्टिकसारखा वागतो, सेमी-स्लिक तर त्याहून वाईट. सकाळच्या पहिल्या सेशनचे पहिले दोन-तीन लॅप हा धोक्याचा काळ आहे. ब्रेकने डिस्क तापतात, रिम तापते, पण टायरचं रबर तापायला वळणांतलं काम लागतं. दोन पूर्ण लॅप हळूहळू वेग वाढवत करा. सरळ पट्ट्यावर नागमोडी चालवून टायर तापत नाहीत, मागून येणाऱ्या गाडीला मात्र त्रास होतो.

आता हवा. टायर निवडीवर जितका खल होतो त्याच्या निम्माही हवेवर होत नाही. प्रत्यक्षात हवा चुकली तर महागातला महाग टायर स्वस्तातल्यासारखा वागतो.

टायरमधली हवा तापली की दाब वाढतो. समजा सकाळी 30 अंश तापमानात 30 पीएसआय भरलेत. ट्रॅकवर आतली हवा 70 अंशांवर गेली की दाब जवळपास 36 होतो, 90 अंशांवर गेली तर 39 च्या आसपास. आता हेच 30 पीएसआय बुद्ध सर्किटवर 8 अंश थंडीत भरले असं धरा. 70 अंशांवर ते 40 पर्यंत जातील. गाडी तीच, टायर तोच, भरलेला आकडा तोच, तरी चार पीएसआयचा फरक. टायर फुगून मधोमध उचलला जातो, जमिनीला टेकणारा भाग कमी होतो आणि तिसऱ्या-चौथ्या लॅपनंतर गाडी बर्फावर असल्यासारखी सरकायला लागते. चालक म्हणतो टायर वाईट आहे.

म्हणून ट्रॅकवर थंड दाबाला महत्त्व नाही, गरम दाबाला आहे. तुमच्या गाडीला रस्त्याच्या टायरवर मी गरम असताना 34 ते 36 पीएसआय धरतो. दारावरच्या किंवा मॅन्युअलमधल्या आकड्यापासून सुरुवात करा, सकाळी त्यात दोन पीएसआय कमी ठेवा, पाच-सहा लॅप करून पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या थांब्यात, या आणि लगेच, टायर गरम असतानाच मोजा. जास्त असेल तेवढी हवा काढा. मागचे-पुढचे, डावे-उजवे चारही स्वतंत्र मोजा, कारण डावे जास्त तापलेले असतात. दुपारी ऊन वाढलं की परत मोजा. प्रत्येक सेशननंतर वहीत आकडे लिहा. पुढच्या वेळी त्याच ट्रॅकवर, त्याच ऋतूत ही वही तुमच्या फार कामाला येईल. डॅशबोर्डवर दिसणारा दाब लक्ष ठेवायला ठीक आहे, पण निर्णयासाठी हातातला चांगला गेज हवा आणि दर वेळी तोच गेज हवा.

पेट्रोल पंपावर नायट्रोजनचा आग्रह होतो. नायट्रोजन कोरडा असतो, त्यात बाष्प नसल्यामुळे दाब थोडा अंदाजात राहतो, एवढाच त्याचा लाभ. तापल्यावर तोही हवेइतकाच फुगतो. वरचं गणित त्यालाही तसंच लागू आहे. आणि ट्रॅकवर दिवसभर हवा काढ-भर करायची असल्याने एक छोटा कंप्रेसर डिकीत असलेला जास्त उपयोगी.

घरी निघताना चारही टायर थंड होऊ द्या आणि पुन्हा हवा भरा. गरम असताना 34 ठेवलेला टायर थंड झाला की 27-28 वर येतो. त्या दाबावर सामान भरून रात्रभर महामार्गावर वेगात जाणं म्हणजे टायरची बाजू आतून तापवत नेणं आहे. दिवसभर तावून निघालेला टायर फुटायला तेवढं पुरतं.

टायर काय सांगतोय ते वाचायला शिका. बऱ्याच टायरवर कडेला छोटा त्रिकोण असतो. नक्षीवरची झीज साधारण त्या त्रिकोणाच्या टोकापर्यंत यावी. त्याच्याही खाली, बाजूच्या अक्षरांपर्यंत घासलं असेल तर हवा कमी आहे किंवा तुम्ही वळणात स्टिअरिंग गरजेपेक्षा जास्त फिरवताय. पुढचा टायर सरकायला लागल्यावर आणखी वळवणं ही सगळ्या नवशिक्यांची सवय, आणि टायरची बाहेरची कड हा तिचा पुरावा. तापमान मोजायचं सुईचं यंत्र मिळालं तर टायर आतून, मधून आणि बाहेरून मोजा. मधला भाग जास्त गरम तर हवा जास्त, बाहेरची कड फार गरम तर उणे कॅम्बर, म्हणजे चाकाच्या वरच्या टोकाचा आतल्या बाजूला असलेला कल, कमी. रस्त्याच्या अलाइनमेंटवर केमनची बाहेरची कडच जास्त तापणार. अलाइनमेंटवाल्याला पुढचा कॅम्बर कंपनीच्या मर्यादेत जितका उणे करता येईल तितका करायला सांगा, दोन्ही बाजूंना सारखा. एवढ्यानेही पुढच्या टायरचं आयुष्य बरंच वाढतं, आणि हे काम नव्या टायरच्या तुलनेत अगदी स्वस्त आहे.

निघण्यापूर्वीची तपासणी गाडी उचलून, टायर आतल्या बाजूनेही पाहून करा. आपल्या रस्त्यांवरच्या खड्ड्यांनी बाजूला फुगा आला असेल, तर तो टायर त्याच क्षणी बाद. पंक्चर काढलेला टायर, मग ते कितीही चांगलं काढलेलं असो, मी ट्रॅकवर जाऊ देत नाही. रिमला आतून चिकटवलेली बॅलन्सिंगची वजनं ब्रेकच्या उष्णतेने सुटून पडतात, त्यांवर ॲल्युमिनियमची टेप लावा. चाकांचे बोल्ट टॉर्क रेंचने आवळा. तुमच्या गाडीला 160 न्यूटन-मीटर. आणि पहिल्या सेशननंतर ते पुन्हा तपासा. सेशन संपवताना शेवटचा लॅप हळू, ब्रेक न मारता करा, पिटमध्ये हँडब्रेक लावू नका, गिअरमध्ये ठेवून चाकाला लाकूड लावा.

सेमी-स्लिक कधी घ्यायचे, हेही सांगतो, कारण ते वाईट नाहीत. योग्य हातात कप 2 हा अतिशय सुंदर टायर आहे. 718 केमन जीटी4 वर तो कारखान्यातूनच बसवून यायचा. पण त्या गाडीला मोठे ब्रेक आहेत, वेगळं सस्पेन्शन आहे, कॅम्बर बदलायची सोय आहे. टायर हा त्या साऱ्या जुळणीचा एक भाग आहे. तुमच्या गाडीत एकटा टायर बदलला तर पकड वाढेल, वेग वाढेल, आणि वाढलेला भार ब्रेक, बेअरिंग, बुश यांवर पडेल. लांब वळणात इंजिनचं तेलही टाकीच्या एका बाजूला जास्त जोराने जाईल. त्यामुळे क्रम असा ठेवा: आधी जास्त उत्कलनबिंदूचं ताजं ब्रेक ऑइल, मग ट्रॅकला चालणारे ब्रेक पॅड, मग अलाइनमेंट, मग शिकवणी, मग टायर. ब्रेक ऑइल तर पहिल्याच ट्रॅक डेच्या आधी. साध्या डॉट 4 ऑइलला ताजं असताना किमान 230 अंशांपर्यंत न उकळण्याची अट असते, पण हवेतलं पाणी शोषल्यावर हीच मर्यादा 155 अंशांपर्यंत उतरते. बुद्ध सर्किटच्या सरळ पट्ट्याच्या टोकाला ऑइल उकळून ब्रेकचं पेडल खाली गेलं तर वर कोणता टायर आहे याने काही फरक पडत नाही.

तयारीची माझी खूण अशी आहे. रस्त्याच्या टायरवर तुम्ही सलग पाच लॅप अर्ध्या-पाऊण सेकंदाच्या फरकात करू शकता. पुढचा टायर सरकतोय की मागचा, हे आवाज ऐकून आणि सीटमधून तुम्हाला लगेच कळतं. मागची बाजू सुटली तर हात आपोआप आणि मोजकेच फिरतात. आणि सेशनच्या शेवटी टायर तापून ढिले पडतात ते तुमच्या ओढाताणीमुळे नव्हे, तर टायरचीच मर्यादा आली म्हणून. हे सगळं झालं की मग पुढची पायरी. तेव्हाही मी थेट कप 2 न सांगता आधी दुसऱ्या गटातला टायर सांगेन, मापात मिळाला तर. तो तापमान जास्त सहन करतो, पावसात अगदीच हात टेकत नाही आणि सुटताना सांगून सुटतो.

त्या वेळी वेगळ्या 18 इंची रिमचा विचार जरूर करा. कंपनीने या गाडीला पुढे 235/45 आणि मागे 265/45 अशी 18 इंची मापंही दिली आहेत. रिम तुमच्या ब्रेक कॅलिपरवर बसतं का ते आधी प्रत्यक्ष लावून पाहा. टायर स्वस्त पडतो, बाजू उंच असल्याने कर्बवरून, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यांवरून, जाताना रिम वाचतं, आणि ट्रॅकचे टायर रस्त्यावर झिजवावे लागत नाहीत. ट्रॅकचे टायर घेतल्यावर पहिला वापर सौम्य ठेवा: एक सेशन हळूहळू तापवा, मग किमान एक दिवस त्यांना तसेच राहू द्या. पहिल्यांदा असे तापून विसावलेले टायर जास्त टिकतात. तरी लक्षात असू द्या की मऊ रबर दर वेळी तापून थंड होताना थोडं कडक होत जातं. सेमी-स्लिकची नक्षी शिल्लक असते आणि पकड गेलेली असते, असं हमखास होतं. लॅपची वेळ सारखी घसरत असेल तर नक्षी पाहून स्वतःची समजूत घालू नका, टायर बदला.

एक गोष्ट टायरची नाही, पण टायरवर पैसे घालण्याआधी कळलेली बरी. आपल्याकडच्या खाजगी गाडीच्या विमा पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणीसाठीचा वापर वगळलेला असतो. ट्रॅकवर गाडी लागली तर खर्च आपल्याच खिशातून, असं धरूनच उतरा.

तर तुमच्यासाठी या महिन्याचं काम एवढं: पी झिरोंची तारीख पाहा, आतून-बाहेरून तपासा, नक्षी मोजा. चारही पास झाले तर ब्रेक ऑइल बदला, कॅम्बर उणे करून घ्या, चांगला गेज आणि छोटा कंप्रेसर विकत घ्या, आणि कप 2 साठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून ट्रॅकवर शेजारी बसून शिकवणारा एक चांगला माणूस दिवसभरासाठी ठरवा. चेन्नईहून परतल्यावर चारही टायरच्या कडांचे फोटो आणि वहीतले गरम दाबाचे आकडे पाठवा. बुद्ध सर्किटसाठी काय बदलायचं ते त्यावरून सांगता येईल.